आठवीचा फॉर्म

उद्यमबागेत ओतीव माल तपासायचा तर
हातोडीनं हलकं ठोकायचं आणि ऐकायचं.
चीर असली की लोखंड बद्द बोलतं,
नसली की टणकन.
सतरा वर्षं माझा पगार या कानांवर चाललाय.

म्हणून प्रांजलच्या आठवीसाठी
मी हायस्कुलं कानानं बघायला गेलो,
रात्रपाळी उतरून, डोळ्यांत वाळू घेऊन.

पहिलं माझंच. मराठी.
एका बाकावर आम्ही चौघं असायचो, एक कायम निम्मा बाहेर.
आता हजेरी संपते
तोवर समोरच्या गाड्यावर माझा चहा निवत नाही.
गणिताची जागा तीन वर्षं रिकामी,
म्हणून भूगोलाचे नेसरकर सर
प्रमेय शिकवतात, नकाशा काढल्यासारखं:
वर काय, खाली काय, सीमा कुठनं जाते.

दुसरं सरकारी, कन्नड, अनगोळच्या अंगाला.
भिंतींना नवा रंग, बूट फुकट, जेवणात अंडं,
दहावीचा निकाल फाटकावर ढोबळ आकड्यांत.
शिवलीला टीचर दारात येऊन म्हणाल्या, "बन्नी, ओळग बन्नी."
मी म्हटलं, "इल्लरी, सुम्मने."
आत पोरं कविता म्हणत होती.
निम्मी कळली. चाल पुरी कळली.

तिसरं त्याच आवारात, इंग्रजीची नवी तुकडी.
चाळीस जागा, दोनशे अर्ज, स्टीलच्या डब्यातनं चिठ्ठी.
तिथं मला काही ऐकूच आलं नाही,
बाहेर पालकच एवढे बोलत होते.

घरी बायको म्हणाली, पुढं नोकरीला कन्नड लागतंय की.
भाऊ म्हणाला, आपणच पाठ फिरवली तर शाळेला कुलूप.
दोघांचं ठोकून बघितलं.
दोन्ही टणकन.

मग पोरगी बोलली. ती कुणाला न सांगता
तिन्हीकडं जाऊन आली होती,
मैत्रिणीच्या सायकलवर मागं बसून.
"आबा, बाहेर थांबून काय ऐकूलालाय?
मराठीत मुलींच्या संडासाला आतनं कडी नाही.
एक आत, एक दार धरून.
म्हणून त्या सकाळधरनं पाणीच पीत नाहीत.
कन्नडमध्ये कडी आहे, खरं नळ कोरडा.
इंग्लिशवाल्यांची चावी ऑफिसात.
मागायला लागती. इंग्लिशमध्ये."

आणि ती भाकरी घ्यायला उठली.
मी ताटाकडं बघत बसलो.
पाणी न पिण्याला आवाज नसतो.

रविवारी भंगारातली एक कडी घासून घेतली,
चार स्क्रू, सुपरवायझरचं ड्रिल मशीन.
नेसरकर सर चावी घेऊन आले, स्कूटर स्टँडला न लावताच
विचारलं, "म्हणजे पोरगी इकडंच ना?"
माझ्या दातांत दोन स्क्रू होते,
त्यामुळं बोलावं लागलं नाही.

प्रांजल आत गेली. दार लावलं. खट्ट.
उघडलं, परत लावलं. खट्ट.
सर म्हणाले, "झालं का?"
आतनं आवाज आला, "थांबा की ओ."

फॉर्म वरच्या खिशात, घामानं मऊ पडलेला,
माध्यमाचा रकाना तसाच.
मशीन सोमवारी परत द्यायचं होतं,
म्हणून तिला म्हटलं, चल,
जाता जाता पलीकडचा तो नळ पण बघू.