बारदान्याचं बिल

मीच उघडलं होतं ते.
हे आधी सांगून टाकते,
म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

लाखांदूरच्या अलीकडे, चुलबंदीच्या काठाला आमची राईस मिल.
उन्हाळी धानाची आवक, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग,
आणि मेलमध्ये बिल: बारदान्याचं.
व्यापारी नेहमीचाच.
फक्त त्याच्या पत्त्यात एलच्या जागी एकचा आकडा उभा,
एलसारखाच सरळ, एलसारखाच सभ्य.
स्क्रीनवर कोंड्याची धूळ.
ओढणीने पुसली. क्लिक केलं.

काहीच झालं नाही.
नऊ दिवस काहीच झालं नाही.
तो आत बसून आमचे खाते वाचत होता म्हणे,
कोणाचे चुकारे कधी, कोणाचं किती.

बुधवारी सकाळी टॅली उघडेना.
फायलींची नावं तीच, शेपट्या वेगळ्या.
भरडाईचा हिशेब, काट्याच्या पावत्या, हमालांची हजेरी,
सगळ्याला कुणीतरी परकं कुलूप घातलेलं
आणि किल्लीची किंमत इंग्रजीत,
बाजूला उलटं चालणारं घड्याळ.

डोंगरवारभाऊ खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.
"देऊन टाकू का?" एवढंच दोनदा म्हणाले.

साकोलीहून अंकेश मेश्राम आला, हेल्मेट न काढताच
भिंतीतली वायर उपटली त्याने.
मग विचारलं, "ताई, दुसरी डिस्क?"

पहिली कॉम्प्युटरलाच लावलेली. तीही गेली.
दुसरीचं खूळ त्याचंच, संक्रांतीतलं.
तेव्हा भाऊ हसले होते,
तर हा म्हणाला होता,
"खायचा धान अन् बियाण्याचा धान
एकाच ढोलीत भरता का तुम्ही?"

ती माझ्या घरी होती. कडुनिंबाचा पाला घातलेल्या डब्यात,
खरंच बियाण्याशेजारी.
दर शनिवारी नेऊन भरायची, परत आणायची.
गेल्या शनिवारी नणंदेचं साक्षगंध होतं.
म्हणून अकरा दिवस शिळी.
क्लिकच्या दोन दिवस आधीची.

अकरा दिवस म्हणजे किती कट्टे?
कोणालाच सांगता येईना.

चैतराम उईके दारात उभा होता,
खांद्यावर पोत्याची टोपी.
"बाई, भितीवर हाय."
गोदामाच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
दिवसागणिक, टोळीगणिक, छतापर्यंत.

"हे कायले ठेवता?" भाऊंनी विचारलं.
तो जरा थांबला.
"तुमच्या हापिसात आमचे कट्टे कमी निंगत, म्हनून."

पंख्याचा आवाज तेवढा होता.

अंकेश हळूच म्हणाला,
"नागपूरच्या कंपन्या याला झीरो ट्रस्ट म्हणतात.
कोणावरच आधीपासून भरवसा नाही,
दर वेळी पडताळा."
चैतराम म्हणाला, "आमचा आजा पन असाच होता."

दोन रात्री लागल्या.
मी भिंतीसमोर स्टूल टाकून आकडे उतरवले,
अंकेशने जुनी मशीन पुसून नवी केली.
घड्याळ शून्यावर आलं तेव्हा
आम्ही शेव-मुरमुरे खात होतो.
पैसे दिले नाहीत.
आमचे खाते कुठे विकले गेले असतील, ते ठाऊक नाही.
कोणीच ठाऊक असल्याचं सांगू नये.

आता लॉगिनला मोबाइलवर दुसरा आकडा येतो,
भाऊ चिडतात, तरी टाकतात.
मिलचं नाव आणि एक-दोन-तीन हा पासवर्ड
कॅलेंडरवरून खोडला, डिसेंबरसकट.
खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला
की मी व्यापाऱ्याला फोन लावते, जुन्या वहीतल्या नंबरवर,
आणि आधी त्याच्या बायकोची तब्येत विचारते.
ते चोराला सांगता येत नाही.

सेहेचाळीस कट्ट्यांचा मेळ मात्र अजून बसला नाही.
भिंत एक म्हणते, पावत्या दुसरं.
दर महिन्याला तो फरक पुढे ओढते
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिते:
देवांगना, सोमवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटे.