शंभरावर दोन

खोक्याच्या भोकांतून चिवचिव येत होती.
वडगावचा माणूस म्हणाला,
शंभरावर दोन जास्तीची घातल्यात.
मरायला.
मी सही केली.

बावीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून
चौदाशे की साडेचौदाशे, ते मी सांगत आलो.
मीटर मागनं यायचा, हो म्हणायला.
आता कुशिऱ्यात, गोठ्याच्या कोपऱ्यात
पत्र्याचा गोल आडोसा, भाताचं तूस, वर जुने पेपर,
दोन बल्ब,
आणि तेहतीस अंश की पस्तीस
एवढंसुद्धा मला दिसेना.

एकेकाची चोच गूळपाण्यात बुडवली.
एकशे दोन वेळा.
पहिला घोट कुणीतरी दाखवावा लागतो,
मग कळतं, पाणी म्हणजे हे.

रात्री अडीचला लाईट गेली.
शेगडी पेटवून आणेपर्यंत
सगळी एका कोपऱ्यात, एकावर एक.
मला वाटायचं, थंडीत पिल्लं एकमेकांना ऊब देतात.
देतात. वरच्यांना.
खालची पाच चपटी झालेली.
म्हटलं, जास्तीची दोन ह्यातच गेली असणार.
मग उरलेली तीन
कुणाच्या हिशोबातली?

बल्बाकडं काय बघताय, रंजू म्हणाली,
पिल्लांकडं बघा की.
बल्बाखाली घोळका केला, गारठल्यात.
कडेला पळून चोच वासली, भाजायल्यात.
आणि कोण झोपलंय, कोण खातंय,
कोण दुसऱ्याच्या पाठीवरनं निघालंय,
बाजार भरल्यासारखं,
म्हणजे बरोबर.
तिला हे कुणी शिकवलं, विचारायचं राहून गेलं.

सातव्या दिवशी डोळ्यात लशीचा थेंब.
ती थेंब सोडायची, मी धरायचो.
माझ्या अंगठ्याची कातडी भट्टीनं जाड केलेली,
तिच्यातनं त्यांचं काळीज लागायचं नाही.
हलकं धरा, ती म्हणाली,
आहे ते तिथंच.

पाचव्या आठवड्यात माळावर.
आठ बाय दहाचा बिनबुडाचा पिंजरा,
पाइपांचं वेल्डिंग माझं,
चाकं पोराच्या जुन्या सायकलीची.
गवत त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.
तासभर सगळी
सोबत आलेल्या मूठभर तुसावरच उभी.
मग एक नाकतोडा उडाला
आणि तुसाचं काम संपलं.

रोज सकाळी पिंजरा एक पिंजराभर पुढं.
मागं शिटलेला, चोचलेला चौकोन,
पुढं दहिवराचा.
एकदा घाईत ओढला,
एकाचा पाय पाइपाखाली आला.
त्याला लंगड्या म्हणू नका, रंजूनं बजावलं,
नाव ठेवलं की
पुढं ती काही बोलली नाही.

मुंगूस एका रात्रीत तीन घेऊन गेलं.
त्याला ठाऊक असावं, जास्तीची कुठली.

पंचाहत्तराव्या दिवशी दस्तगीर मुलाणी आले,
फडक्यात गुंडाळलेली सुरी,
आधी पाणी मागितलं, त्यांनाही पाजलं.
म्हणाले, पहिलं तू धर. तू वाढवल्यास.
डोळ्यावर हात ठेव, गप होतंय.
मी हाताला येईल ते धरलं.
लंगडणारंच आलं, ते पळू शकलं नव्हतं.
गप झालं.
आणि त्या जाड कातडीतनं
ह्या वेळी लागलं.

रात्री रश्शात मीठ बरोबर होतं.
कुणी बोललं नाही.
मग पोरानं आणखी एक भाकरी मागितली.

त्र्याण्णव टेम्पोतनं गेली.
वजन काट्यावर, पैसे हातात, सगळं रोख.
वडगावला फोन केला, पुढच्या मंगळवारी पाठवा.
शंभरावर दोन? त्यानं विचारलं.
मी म्हटलं, मोजून एकशे दोन लिहा.

सकाळी सवयीनं माळावर गेलो.
बांधावरनं दिसले चौकोन, एकामागं एक,
पहिले आता काळेशार हिरवे,
अलीकडचे पिवळे, कालचा नुसती माती.
रिकामा पिंजरा
एक पिंजराभर पुढं ओढला.
हळू ओढला.
पाय अडकेल म्हणून.