कानाशी धरलेला उंदीर

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पारसिकच्या डोंगराला पाठ लावून
आमचं प्राणीगृह. खिडक्या नाहीत.
बारा तास दिवस, बारा तास रात्र, टायमरवर.
आत शिरताना आंघोळ, टोपी, मास्क, बुटांवर बूट.
घरी मुलगी म्हणते,
आई, तुझा कसलाच वास येत नाही.

तरी ते आत आलं होतं.
आधी ऐकू आलं ते हिराजी मढवीला.
चार नंबरच्या खोलीत, सोमवारी सकाळी
त्याने एक उंदीर तळहातावर घेतला
आणि कानाशी धरला.
त्याची आई घणसोलीच्या खाडीतले खुबे
एकावर एक आपटायची,
आवाजावरून मेलेला बाजूला काढायची.
"मॅडम, याचे छातीन काय तरी किरकिरतंय."
मी स्टेथोस्कोप लावला.
मला फक्त एसी ऐकू आला.

मग दिसायलाच लागलं.
नाकाशी, डोळ्यांच्या कडेला तांबडं.
रक्त नाही ते, एका ग्रंथीचा रंग,
असं मी नव्या मुलीला समजावलं,
आणि पुसताना माझा हात
रक्त पुसावं तसाच चालला.
एकाची मान डावीकडे कलली, कललेलीच राहिली.
पलीकडच्या खोलीतली पांढरी पिल्लं तर
स्वतःभोवती लोळू लागली,
गरगर, मग धाप, मग पुन्हा गरगर,
कुणीतरी अदृश्य पिळा देत असल्यासारखी.
जंतूला मेंदूपर्यंत जावंच लागत नाही.
तो विष पुढे पाठवतो
आणि पत्र टाकून आलेल्या माणसासारखा
घरी बसतो.

इतका लहान की फिल्टरमधून चालत जातो.
त्याला भिंत नाही.
पेनिसिलिन येतं ते भिंती पाडायला,
आणि वस्ती आधीच उठून गेलेल्या जागी आलेल्या
जेसीबीसारखं नुसतं उभं राहतं.

प्लेटवर वसाहती उगवल्या.
मधे गाठ, भोवती पातळ कड,
हुबेहूब कँटीनचं हाफ फ्राय.
डॉक्टर खोतांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

अकरा महिने आम्ही एक औषध तपासत होतो.
जास्त मात्रेच्या गटाची फुप्फुसं करडी, गाठाळ,
खडी पसरलेल्या रस्त्यासारखी.
मी मसुद्यात लिहून ठेवलं होतं: विषारी.
आता ज्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं
ते उघडले.
तीच खडी.
औषधाने काही केलं होतं की नव्हतं
हे आता कुणालाच कळणार नाही.

जंतू बहुधा आधीपासून होता, गप्प.
मग मार्चमधला तो शुक्रवार, वीज बंद,
जनरेटर धरेना, पंखे थांबले,
आणि मुताचा उग्र दर्प
त्यांच्या नाकात रात्रभर साठत गेला.
मी त्या दिवशी दाराच्या काचेतून आत पाहिलं होतं.
बूट चढवायचा कंटाळा आला होता.
रकान्यात लिहिलं: वायुवीजन, ठीक.

खोली रिकामी करायचा दिवस.
वायूच्या पेटीत ठेवण्याआधी
हिराजी एकेक उंदीर कानाशी धरत होता.
मी म्हटलं, आता कशाला? सगळेच जाणार आहेत.
तो म्हणाला, "कोनी तरी इचारलेला बरा."
दोनशे चौदा वेळा.
संध्याकाळी त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

रजिस्टरात खोडायला मनाई आहे.
पांढरी शाई नाही, पान फाडणं नाही.
चुकलेल्या शब्दावर एकच रेघ,
शेजारी सही, तारीख, कारण.
मी रेघ मारली. सही केली.
कारणाशी पेन थांबला.
रेघेखालचं "ठीक" स्वच्छ वाचता येतं.
नियमच तसा आहे.