पुरवणी

फॉर्मवर ‘याआधीचे संघ’ या रकान्यात
तीन ओळी आखलेल्या होत्या.
आसिएरने पेनचं टोपण दातांत धरलं
आणि म्हणाला, बाले, अजून कागद?

भालेराव त्याच्या तोंडात बाले होतं.
त्यांच्याकडे बाले म्हणजे ‘बरं, चालेल’.
त्यामुळे दिवसातून चाळीसदा मला हाक यायची
आणि त्यातल्या दोन माझ्या असायच्या.

मी पुरवणी जोडली. दोरा ओवला,
सवयीने गाठ मागच्या बाजूला.
लार्नाका. कटोवित्से. बाकू. परत लार्नाका.
थायलंडातलं एक गाव, त्याचं स्पेलिंग त्यालाही येईना.
दोन क्लब बुडालेले,
त्यांच्यापुढे त्याने बारीक फुली काढली,
गावाकडे मयताच्या नावापुढे काढतात तशी.
शेवटची ओळ: नाशिक रोड.
वय चौतीस. जागा: मधली फळी.

मी प्रेसमध्ये सदतीस वर्षं काढली.
पासपोर्टची पानं मोजायची, कोरी,
छत्तीस, छत्तीस, छत्तीस,
भोंगा होईपर्यंत.
मग गेटवर झडती देऊन घरी.
स्वतःचा काढला नाही. कुठं जायचं होतं?

व्हिसाची तारीख बघायला त्याचा हातात घेतला
तर अंगठ्याला आधी कागद कळला, मग माणूस.
लाल पुठ्ठा, कोपरे उललेले,
शिक्क्यावर शिक्का, एक निळा, एक उलटा,
आणि बाविसाव्या पानावर आमचा स्टिकर.
हे इथलं, मी म्हणालो. त्या भिंतीमागचं.
कागद इथून माद्रिदला गेला होता
आणि माणसाला घेऊन परत आला होता.
बाले, तो म्हणाला.
कुठला बाले, ते कळलं नाही.

ऑक्टोबरात भाच्याकडे नेलं त्याला, मोहाडीला.
बागेत छाटणी चालू होती.
त्याच्या आजोबांचीही द्राक्षं होती म्हणे, नदीकाठी,
पण तिकडे कात्री वर्षातून एकदा.
इथे दोनदा? त्याने विचारलं.
एप्रिलात काडीसाठी, आता मालासाठी, भाचा म्हणाला.
आसिएर बराच वेळ कापलेल्या टोकाकडे बघत उभा राहिला.
पाणी सुटलं होतं त्यातून, थेंब थेंब.
खेळाडूंचा बाजारही वर्षातून दोनदाच उघडतो,
हे मला नंतर निनादने सांगितलं.

मोजायची खोड काही जात नाही.
निफाडचा पारा पाचावर आला त्या सकाळी
जेल रोडमागच्या मैदानावर, मफलर बांधून,
मी वहीत रेघा मारत होतो.
एक्क्याण्णव वेळा चेंडू त्याच्या पायाशी आला,
चौऱ्याऐंशी वेळा योग्य माणसाकडे गेला.
बहुतेकदा आडवा, बहुतेकदा मागे.
पंगतीतला वाढपी जसा
एका पानावर वाढताना पुढचं पान बघून घेतो
तशी त्याची मान सारखी वळलेली.
वाढप्याला कोणी विचारत नाही, जेवलास का.
गोल निनाद पगारेने केला.
पेपरात त्याचा फोटो,
आसिएर ‘व इतर’मध्ये.

फेब्रुवारीत बिल्डरची उपनगरची स्कीम अडकली
आणि टीमला मोबाइलवर चार ओळी आल्या.
दोन महिन्यांचा पगार ‘लवकरच’.
आसिएरने बूट वर्तमानपत्रात गुंडाळले,
घाई नाही, राग नाही, फक्त सराव.
मग माझी वही मागितली.
चौऱ्याऐंशी त्याने बघितलेच नाहीत.
सात, तो म्हणाला. हे सात कुठे गेले?

प्रेसमध्ये वाया गेलेला कागदही
सहीनिशी नोंदवावा लागतो,
मोजल्याशिवाय जाळत नाहीत.
मला सातही आठवत होते.
एक भेगेत अडकला, दोन उन्हामुळे,
एक निनाद धावलाच नाही म्हणून,
तीन तुझे, मी म्हणालो, निव्वळ तुझे.
तो मोठ्याने हसला. पहिल्यांदाच, बहुतेक.

रात्री अकराला टॅक्सी आली.
पासपोर्ट चाळून मी सांगितलं,
तीन पानं उरलीत. नवा काढावा लागेल.
बाले.

त्याच्या पुरवणीवर खाली दीड ओळ मोकळी आहे.
फाइल मी अजून क्लबात जमा केलेली नाही.