यादीची शेवटची ओळ

महापे, एमआयडीसी. रात्रीचे पावणेदोन.
रॅकमध्ये चौसष्ट मोडेम, त्यातले चार मेलेले.
मुकादम जाता जाता, डब्यातला कांदा कचऱ्यात झटकत, म्हणाला होता:
डीफॉल्ट तेवढं नीट लिही.
सर्व्हर वरून खाली वाचत येतो,
नाव सापडलं की थांबतो.
नाहीच सापडलं तर शेवटची ओळ.
तिच्याखाली काही लिहू नकोस,
तिथवर कोणी वाचत नाही.

मी लिहितो.
दहा मिनिटं गप्प राहिला तर तोडा.
सहा तास झाले तर बोलत असला तरी तोडा.
पत्ता मागेल त्याला रिकामा असेल तो द्या,
गेला की काढून घ्या, पुढच्याला द्या.
एका नावाने एका वेळी एकच माणूस.
आणि जो यादीत नाही त्याला नकार.
कारण सांगू नये.

लॉगमध्ये घणसोलीचा एक जण येतो, रोज अकरानंतर.
मढवी.
कधी ए घालून, कधी ए गाळून,
कधी व्ही, कधी डब्ल्यू.
फॉर्म भरणाऱ्या पोराने ऐकलं तसं टाईप केलं असणार,
आणि आता हा माणूस
स्वतःचंच आडनाव अंदाजाने शोधतोय,
दर अंदाजाला एक कॉल, ती लांबलचक किरकिर,
आणि माझी ओळ.

साडेबारा टक्क्यांच्या यादीत
आमच्या बाबांचं नाव सोमा असं आलं होतं.
बाबा जोमा.
मिठागर जोमाचं, प्लॉट सोमाचा,
आणि सोमा कोण हे विचारत
बाबा नऊ वर्षं बेलापूरला खेपा घालत राहिले.
खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
कागद फिरवून, बोट ठेवून दाखवायचा:
तांडेल, शेवटची ओळ वाचा.
'इतर दाव्यांचा विचार केला जाणार नाही.'
बाबांना वाचता येत नव्हतं.
मी चौथीत. मी वाचून दाखवली.
मोठ्याने, न अडखळता.

म चा भाग उघडला.
आहे तो. म्हाडवी म्हणून.
ते नाव राहू दिलं. खाली
त्याने टाकून पाहिलेली चारही नावं लिहिली,
पासवर्ड तोच, न बघता उचलून.
एका नावाने एकच माणूस, ठीक.
एका माणसाला किती नावं,
हे मुकादम बोलला नव्हता.

सर्व्हर बंद केला, सुरू केला.
उद्या अकरानंतर माझी सुट्टी आहे.

रजिस्टरात नोंद केली:
डीफॉल्टमध्ये बदल नाही.