नंबर

फाट्यावर बोर्ड लागला त्या संध्याकाळी
मी गिरणीचा पट्टा उतरवत होतो.
लाल अक्षरं, पिवळा ड्रॅगन,
ड्रॅगनचं तोंड थोडं बैलासारखं,
कारण श्रावण पेंटरनं जन्मभर
पोळ्याचीच शिंगं रंगवलेली.
खाली बारीक अक्षरात: प्रो. रुपेश उईके.
म्हणजे टोल्यावरचा. लसूबाईचा.

चीन कोणी पाहिला?
रुपेशनं पाहिली सीताबर्डी,
एका नेपाळ्याच्या हाताखाली सात वर्षं
कोबी चिरला, कढई घासली,
मग कढईतलं हवेत उडवून झेलायला शिकला.
नेपाळी शिकला होता कलकत्त्यात,
जहाजावरून पळालेल्या कुण्या चिन्याकडं.
एवढे उंबरे ओलांडून
नूडल आमच्या गावात पोचली.
एस.टी. अजून दिवसातून दोनदाच येते.

माझ्याकडं ज्वारी यायची,
पायलीनं, कुडवानं,
पिठाचा हात लावून सांगायचो कोणाच्या शेताची.
मैद्याला माझी गरज नाही.
तो दळूनच येतो, पन्नास किलोच्या पोत्यात,
पांढराफटक,
कोणत्याच शेतातून न आल्यासारखा.

गिरणीत रांग होती.
रांगेच्या आत अजून एक रांग होती,
ती कोणी लिहिली नव्हती, सगळ्यांना पाठ होती.
आधी मालगुजारांचा डबा.
टोल्यावरच्यांचं दळण शेवटी.
"दगड गरम झाला का पीठ बारीक येते," मी सांगायचो.
खोटं होतं. सांगायला सोपं होतं.
लसूबाई कडुनिंबाखाली बसून राहायची दिवेलागणीपर्यंत,
पोरगा धुळीत बोटानं रेघोट्या ओढायचा.
कधी कधी लाईन जायची.
"आता उद्या ये व बाई."

रुपेश नंबर देतो.
कोल्ड्रिंकच्या बाटलीची झाकणं,
त्यावर बायकोच्या नेलपॉलिशनं आकडे.
मालगुजारांचा नातू बुलेटवरून न उतरताच म्हणाला,
"हाफ प्लेट. पहिले मले दे."
रुपेशनं मान वर केली नाही.
"झाकन कितीचं हाय तुह्याजवळ?"
"अकरा."
"आता सात चालू हाय."
कढईखाली जाळ एकदम वर आला.
नातू उतरला.
जेसीबीवाला, आश्रमशाळेचा चपराशी, केस कापणारा बंडू,
त्यांच्यात जाऊन उभा राहिला.
पाट नाही, पंगत नाही, आधी कोणाला वाढायचं ते नाही.
काही जण मात्र पार्सलच नेतात,
दार लावून खातात,
घरी सांगतात, उमरेडहून आणलं.

मीही गेलो एकदा.
चौदा नंबर.
त्यानं मला पाहिलं, मी त्याला.
"तिखट किती, काका?"
"तुह्या मनानं."
व्हिनेगर नाकात चढलं, डोळ्यात पाणी.
बरं लागलं, खोटं कायले बोलू.
रात्री पोटात मैदा पाट्यावरच्या वरवंट्यासारखा बसला,
भाकर आठवली.
पण भाकरीनं मला असं
कोणाच्या मागं उभं केलं नव्हतं कधी.

परवा तो गिरणीवर आला,
भिवापुरी मिरची, चार किलो, चटणीसाठी.
आत एकच दळण होतं, कोण्या म्हातारीचं.
मी पट्टा चढवत म्हणालो,
"आण, पहिले तुहंच घेतो."
"कायले? त्या बाईचा डबा पहिलेचा ठेवला हाय."
आणि कडुनिंबाखाली जाऊन बसला.
तिथंच.
मोबाईल काढला नाही. नुसता बसला.

ज्वारी झाली. मग मिरची झाली.
सगळा फाटा शिंकला,
मी, तो, रस्त्यावरची शेळीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुजारांकडून निरोप आला,
पीठ तिखट लागते म्हणून.
मी सांगितलं,
दगड गरम झाला होता.