पाऊण स्वर

ओझुर्गेतीत, बंद पडलेल्या चहाच्या कारखान्यात
वजनकाट्याच्या खोलीत माझं दुकान.
पाटी नाही. काटा अजून भिंतीला आहे,
रिकामा असूनही अकरा किलो दाखवतो.

वालिको आला तो तीन संगणक घेऊन,
हेझलनटच्या पोत्यात, मधे मधे टॉवेल घालून.
एक त्याचा, एक नातीचा, एक देवळातून उसना.
"मकवाला, तिन्हींत तेच गाणं आहे
आणि एकातही माझा भाऊ गात नाही."

खर्ज वालिकोचा. मधला आवाज साडूचा.
आणि वरचा, घशातून कोंबड्यासारखा उसळणारा,
तो ओटियाचा.
ओटिया नोव्हेंबरात गेला.
रेकॉर्डरची बॅटरी त्याच्याआधी, गाणं संपता संपता.

तीन तिघाडा, म्हटलं मनात. चहा ठेवला.

पहिला म्हणे, आवाजाचं उपकरण सापडत नाही.
उपकरण समोर, हिरवा दिवा लावून बसलेलं.
ड्रायव्हर बनवणारी कंपनीच उरली नव्हती;
जुन्या डिस्कवरून दुसऱ्याच कार्डाचा काढला,
थोडं खोटं सांगून बसवला.
साडू गायला, पण कुणी शेजारी बसून
सूर्यफुलाच्या बिया फोडतंय असा.
बफर वाढवला. दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, हजार चोवीस.
बिया संपल्या.

नातीचा मॅक तक्रारच करेना.
ना चूक, ना इशारा, एक सरळ रेघ आणि शांतता.
तासाभराने कळलं घोडं कुठे पेंड खातंय:
परवानगीची चौकट खिडकीच्या मागे
मुकाट उभी होती,
कुणी हो म्हणेल म्हणून.

देवळातल्या लिनक्सवर
एका कार्डासाठी दोन सर्व्हर भांडत होते.
एकाला मारलं.
वालिकोने क्रूस केला, मला वाटतं सवयीने.

उरला ओटिया. त्याच्या फाइलला डोकंच नव्हतं;
बॅटरी गेली तेव्हा लिहायचं राहिलेलं.
किती वेगाने वाचू, यंत्राने विचारलं.
नेहमीचा आकडा दिला मी,
चव्वेचाळीस हजार शंभर.

आवाज आला. जड, संथ,
प्रत्येक उसळी जिना चढून आल्यासारखी.
"चुकलं," म्हणत मी हात पुढे केला
तर वालिको उभा राहिलेला, टोपी हातात.

"हा पोर्फिले आहे," म्हणाला. "आमचा बाप."

त्याचा आवाज कुठल्याच फितीवर नाही.
मी सात वर्षांचा होतो, तो म्हणाला,
तो द्राक्षाच्या वेलावर चढून वरून गायचा,
खाली टोपली धरायला मी.

मी सांगितलं, आकडा चुकलाय,
हवा होता अठ्ठेचाळीस हजार,
म्हणून सेकंद लांबलाय, सूर उतरलाय.

"किती उतरलाय?"

"पाऊण स्वर. जेमतेम."

त्याने मान हलवली, शेताची हद्द
मोजून बरोबर निघावी तशी.

मग मी आकडा दुरुस्त केला.
ओटिया वर आला, पातळ, खोडकर,
शेवटी बॅटरीआधी हसला सुद्धा.
वालिको हसला नाही. ऐकून घेतलं पूर्ण.
"हे देवळाला दे," म्हणाला.
"ते दुसरं पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तो खर्ज शोधायला लागला,
बापाच्या खाली, जिथे आजवर
त्याला जावं लागलं नव्हतं.
लागेना. खोकला आला, पाणी प्याला.
मग जुन्या संगणकाच्या पंख्याला कान लावून
त्याच्या घरघरीतून सूर उचलला,
आणि उतरला.

पंखा साफ करायचा होता मला, ब्रश हातात होता.
खाली ठेवला.
काट्यावर अकरा किलो.
बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं, बराच वेळ.